धाकाखालची शांतता

(हिरोशिमा दिनानिमित्त झालेल्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यातील भाषणाचं शब्दांकन.)

आजच्या मेळाव्याचा विषय कळवला, तेव्हा दोन-तीन गटांमधून विचारणा झाली. हुंडा, मारहाण, पोटगी, रेशन, पाणी हे सगळं पडलेलं असताना आपण अणुबॉम्बवर का बोलायचं? तो सरकारचा, लष्कराचा, शास्त्रज्ञांचा विषय. त्यात आपल्याला काय कळतं?

प्रश्न रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. अण्वस्त्रं कशासाठी बाळगायची, तर म्हणे वापरायची नाहीत, नुसता धाक राहावा म्हणून. वर्तमानपत्रं 'अण्वस्त्रांचा वचक' असं लिहितात, सरकारी भाषेत 'प्रतिरोध' म्हणतात. मला 'धाक' हाच शब्द बरा वाटतो, कारण तो आपल्याला पुरता माहीत आहे. नवऱ्याचा धाक, सासूचा धाक, गावातल्या पाटलाचा धाक. धाक कसा काम करतो, त्याखाली जगणाऱ्या माणसाचं काय होतं आणि धाक घालणाऱ्याचं काय होतं, याचा अभ्यास आपल्या केंद्रांवर रोज चालतो. तेव्हा या विषयात आपल्याला काही कळत नाही असं कुणी म्हणू नये.

आपल्याकडे सल्ला मागायला आलेली बाई सांगते, "तसा मारत नाही हो. पण रॉकेलचा डबा कोपऱ्यात ठेवलाय. काही बोलले की त्याच्याकडे बघतो." अशा वेळी आपण तिला म्हणतो का, की डबा अजून ओतला नाही ना, मग घरात शांतता आहे? नाही म्हणत. हा छळच आहे, असं आपण म्हणतो. हे कायद्यानंही मान्य करावं म्हणून स्त्रियांनी किती वर्षं झगडा केला! १९८३ साली ४९८-अ कलम आलं, त्यात शारीरिक छळासोबत मानसिक छळही आला. २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ कलमांत आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानं आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. बाईचा ज्यांच्यात जीव आहे अशा माणसांना इजा करण्याच्या वारंवार धमक्या देणं, हीसुद्धा हिंसा आहे. तिच्या अंगाला हात लावला नसला तरी.

आता अण्वस्त्रांचा धाक या मापानं मोजून पाहू या.

हा धाक नेमकं काय बोलतो? भारताचं अण्वस्त्र धोरण ४ जानेवारी २००३ रोजी सरकारनं जाहीर केलं. त्यात आपण पहिला वार करणार नाही असं म्हटलं आहे. ही चांगली गोष्ट आहे आणि ती टिकलीच पाहिजे. पण पुढे असंही म्हटलं आहे, की आपल्यावर वार झाला तर आपलं प्रत्युत्तर प्रचंड असेल आणि शत्रूला सोसणार नाही इतकं नुकसान करणारं असेल. 'सोसणार नाही इतकं नुकसान' याचा मराठीत अर्थ काय? हा मारा नुसत्या छावणीवर किंवा तोफखान्यावर थांबणारा नाही. त्याच्या टप्प्यात लाहोर आहे, कराची आहे. तिथल्या शाळा, बाजार, बाळंतिणींचे दवाखाने आहेत. पाकिस्तान तर पहिला वार न करण्याचं वचनही देत नाही. त्याच्या धाकात मुंबई आणि दिल्ली आहेत. म्हणजे आपण आहोत. दोन्ही सरकारांनी एकमेकांच्या लेकीबाळी ओलीस धरल्या आहेत आणि या व्यवस्थेला सुरक्षितता असं नाव दिलं आहे. २०२५ च्या सुरुवातीच्या अंदाजानुसार भारताकडे सुमारे १८० आणि पाकिस्तानकडे सुमारे १७० अण्वस्त्रं होती.

एक बॉम्ब काय करतो ते हिरोशिमानं पाहिलं. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठला बॉम्ब पडला आणि वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. तीन दिवसांनी नागासाकीवर दुसरा बॉम्ब पडला, तिथे सुमारे ७० हजार गेली. त्या सकाळी हिरोशिमात बारा-तेरा वर्षांची हजारो शाळकरी मुलंमुली उघड्यावर होती. आग पसरू नये म्हणून शहरात मोकळे पट्टे काढायचे, त्यासाठी घरं पाडायच्या कामावर त्यांना लावलं होतं. ती जागच्या जागी भाजून निघाली. ज्या बायका त्या वेळी गरोदर होत्या, त्यांच्यातल्या काहींची बाळं लहान डोक्याची, मतिमंद जन्मली. वाचलेल्या मुलींना पुढे लग्नाच्या बाजारात कुणी विचारेना. व्यंग असलेलं मूल होईल, ही लोकांची भीती. घरात हे लपवायचं, गावात लपवायचं. १९५५ साली चेहरे आणि हात भाजलेल्या अशा २५ तरुणींना शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत नेलं. बॉम्ब ज्या देशानं टाकला, त्याच देशात.

धाकाचे समर्थक इथे म्हणतील, "हे सगळं खरं, पण हे होऊ नये म्हणूनच तर धाक." हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. तो नीट तपासला पाहिजे.

धाक खरा वाटायचा असेल तर तो नुसता बोलून चालत नाही. ती कृती करायची तयारी ठेवावी लागते. म्हणजे माणसं नेमायची, त्यांना शिकवायचं, हुकूम आला की प्रश्न न विचारता लाखो अनोळखी माणसांना मारायचं याची तालीम करून घ्यायची. क्षेपणास्त्रं ठेवायची, नकाशावर शहरं ठरवायची. ही तयारी वर्षाचे ३६५ दिवस चालते, आपल्या नावानं आणि आपल्या करातून. बॉम्ब कधीच पडला नाही, तरी "वेळ आली तर आम्ही लाखो निरपराध माणसांना मारू" हा निश्चय रोज नवा करावा लागतो. धाकाची पहिली नैतिक किंमत ही आहे. खून करायचा पक्का निर्धार मनात धरून सुखानं झोपणारा समाज आपण होतो आणि आपल्याला ते जाणवतही नाही.

याच्या पुढची पायरी पाहा. समजा धाक चालला नाही आणि समोरच्यानं वार केला. आपलं एक शहर गेलं. आता आपण त्यांचं शहर जाळायचं. कशासाठी? आपली गेलेली माणसं परत येणार नाहीत. धाक तर मोडलेलाच आहे. उरतो तो सूड, आणि तोही ज्यांनी बटण दाबलं त्यांच्यावर नाही. ते खंदकात बसलेले असतात. मरतो तो भाजीवाला, त्याची बायको, त्यांची पोरं. लष्करशहाचा हुकूम मोडण्याची ताकद त्या बिचाऱ्यांच्यात होती कुठे? एकाच्या गुन्ह्यासाठी त्याच्या अख्ख्या वस्तीला जाळायचं, ही रीत आपल्या गावांतून आपल्याला चांगली माहीत आहे. तिला आपण न्याय म्हणत नाही.

दुसरा मुद्दा: "पण १९४५ नंतर बॉम्ब पडला नाही ना? मग धाक यशस्वी झालाच की." आपल्याकडचा अनुभव काय सांगतो? ११ आणि १३ मे १९९८ ला पोखरणमध्ये स्फोट झाले, २८ आणि ३० मेला पाकिस्ताननं बलुचिस्तानात केले. आता युद्ध होणार नाही, असं दोन्हीकडे सांगितलं गेलं. वर्षभरात, १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिल झालं. शेकडो जवान गेले. २००१-०२ मध्ये लाखो सैनिक महिनोन् महिने सीमेवर समोरासमोर उभे होते. २०१९ मध्ये बालाकोट झालं. मे २०२५ मध्ये चार दिवस क्षेपणास्त्रं आणि ड्रोन दोन्ही बाजूंनी सुटत होते. दर खेपेला कुणाच्या तरी मनात शंका होतीच, की पुढची पायरी कोणती?

आणि निव्वळ नशिबानं वाचल्याचे प्रसंग किती! २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत युनियनच्या यंत्रांनी अमेरिकेकडून क्षेपणास्त्रं निघाल्याची सूचना दिली. पाळीवर असलेल्या स्टानिस्लाव पेट्रोव्ह या अधिकाऱ्यानं ती खोटी असावी असं ठरवलं. ढगांवरून परतलेल्या उन्हामुळे उपग्रह फसला होता. आपल्याकडे ९ मार्च २०२२ रोजी ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यावर स्फोटकं नव्हती, कुणी मेलं नाही. सरकारनं चूक मान्य केली, तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. पण भारत-पाकिस्तानात क्षेपणास्त्र पोचायला मिनिटं लागतात, तास लागत नाहीत. ते क्षेपणास्त्र मे २०२५ सारख्या दिवसांत सुटलं असतं तर? दारुडा नवरा दहा वेळा काडी ओढतो आणि दहाही वेळा ती विझते. तेवढ्यावरून त्याच्या हातात काडेपेटी सुरक्षित आहे असं ठरत नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यांत अवघड आहे. वस्तीतल्या बैठकीत एका बाईनं विचारला होता: "ताई, त्यांच्याकडं आहे. मग आपण काय रिकाम्या हातानं बसायचं?" इथे मी कबूल करते, की घर आणि देश यांची तुलना सगळीकडे लागू पडत नाही. घरातल्या बाईला निदान कागदावर तरी पोलीस चौकी आहे, कोर्ट आहे, माहेर आहे. देशाला तशी चौकी नाही. म्हणून "उद्या सकाळी सगळे बॉम्ब मोडा" एवढं बोलून आपलं काम संपत नाही. पण चौकी नाही तर ती उभी करायची, की प्रत्येक घरात रॉकेलचा डबा ठेवायचा? पायऱ्या आहेत. पहिला वार न करण्याचं वचन दोघांनीही पाळायचं. क्षेपणास्त्रांवर बॉम्ब चढवून ठेवायचे नाहीत. संकटाच्या वेळी दोन्हीकडचे अधिकारी बोलतील अशी व्यवस्था राखायची. नवे बॉम्ब थांबवायचे, मग आहेत ते मोजून कमी करायचे. यातलं काहीच भाबडं नाही. भाबडा विश्वास कुठला असेल, तर तो हा: नऊ देशांच्या हाती हजारो बॉम्ब असताना कायम, प्रत्येक सरकारच्या काळात, प्रत्येक रात्रपाळीत कुणी तरी शहाणाच माणूस बसलेला असेल.

मैत्रिणींनो, बॉम्ब 'वापरलेला नाही' हे बोलणंही तितकंसं खरं नाही. धाकाचं हत्यार चालतं की नाही ते पाहावं लागतं, आणि ते पाहण्यासाठी दुबळ्यांची भूमी लागते. अमेरिकेनं १९४६ ते १९५८ या काळात मार्शल बेटांवर ६७ चाचण्या केल्या. १ मार्च १९५४ ला बिकिनी बेटावर झालेला स्फोट हिरोशिमाच्या सुमारे हजार पट होता. त्याची राख रोंगेलाप बेटावर पडली. मुलं त्या पांढऱ्या राखेत खेळली. लोकांना तिथून हलवलं ते दोन दिवसांनी. १९५७ मध्ये जागा सुरक्षित आहे असं सांगून त्यांना परत आणून सोडलं. तिथल्या बायकांचे गर्भ पडत गेले. काहींना माणसाच्या आकाराची नसलेली बाळं झाली. त्या बायकांनी त्यांना 'जेलीफिश' म्हटलं, कारण याला काय म्हणायचं ते त्यांच्या भाषेत नव्हतं. लिजॉन एकनिलांग ही त्या वेळी आठ वर्षांची मुलगी होती. पुढे तिचे सात गर्भपात झाले. १९९५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे उभं राहून तिनं हे सांगितलं. आणि जगाला 'बिकिनी' म्हटलं की काय आठवतं? बायकांचा पोहण्याचा पोशाख. पहिल्या चाचणीनंतर चारच दिवसांनी पॅरिसमध्ये त्याला ते नाव दिलं गेलं.

आपल्याकडेही पाहा. युरेनियम येतं झारखंडातल्या जादूगोड्याहून. १९६७ पासून तिथे खाण आहे. हो आणि संथाळ आदिवासींच्या जमिनी गेल्या. तिथल्या बायका गर्भपाताच्या, अपंग मुलांच्या तक्रारी करत आल्या आहेत, आणि कंपनी त्यांचा खाणीशी संबंध नाकारत आली आहे. १९७४ च्या बॉम्बचं प्लुटोनियम तयार झालं आपल्या मुंबईत, तुर्भ्याच्या सायरस अणुभट्टीत. स्फोट झाला राजस्थानात. १९९८ मध्ये जवळच्या खेतोलाई गावात घरांना तडे गेले. गावकरी आजारांच्याही तक्रारी सांगतात. आदिवासींचा डोंगर, वाळवंटातलं गाव, दूरचं बेट. आपल्याच धाकाची झळ पहिल्यांदा कुणाला लागते ते यावरून समजावं.

आता भाषेबद्दल. मे १९९८ मधले दिवस आठवा. पेढे वाटले, फटाके उडवले. आपण षंढ नाही हे दाखवणं गरजेचं होतं, असं आपल्याच राज्यातल्या एका मोठ्या नेत्यानं म्हटलं. जो विरोध करील त्याला बांगड्या भरायला सांगितलं जात होतं. म्हणजे बॉम्ब हा पौरुषाचा दाखला, आणि ज्याच्याकडे नाही तो बायकी. हे फक्त आपल्याकडे नाही. हिरोशिमावर गेलेल्या विमानाला वैमानिकानं आपल्या आईचं नाव दिलं होतं, एनोला गे. बॉम्बचं नाव 'लिटल बॉय'. १९५२ मध्ये हायड्रोजन बॉम्बचा स्फोट झाला तेव्हा एडवर्ड टेलर या शास्त्रज्ञानं तार केली: मुलगा झाला. मुलगी झाली असती म्हणजे फुसका निघाला असता! कॅरल कोन या अमेरिकन अभ्यासक बाईनं १९८० च्या दशकात युद्धतज्ज्ञांबरोबर काही काळ घालवला. तिच्या लक्षात आलं, की त्या लोकांच्या भाषेत शस्त्रांची काळजी घेणारे शब्द आहेत, मरणाऱ्या माणसांसाठी शब्दच नाहीत. ती भाषा बोलायला लागलं की माणसं दिसेनाशी होतात, हे तिनं स्वतःच्या बाबतीतही नोंदवलं.

आणि आपली नावं? १९९८ च्या स्फोटांना 'शक्ती'. १९७४ चा स्फोट बुद्धपौर्णिमेच्या सुमाराला, आणि त्याच्याशी जोडलं गेलेलं वाक्य 'बुद्ध हसला'. १९९८ चा पहिला स्फोट तर बुद्धपौर्णिमेलाच. १९५६ साली नागपुरात लाखो दलित स्त्री-पुरुषांनी ज्याचा मार्ग धरला, त्या बुद्धाचं नाव या कामाला! त्या बायाबापड्यांना कुणी विचारलं होतं?

विचारलं तर कुणालाच नव्हतं. दोन्ही वेळा निर्णय मूठभर माणसांनी घेतला, संसदेला नंतर कळलं. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यानं माहिती दाबून ठेवायचे अधिकार सरकारला दिले होते. ग्रामपंचायतीच्या गटारावर किती खर्च झाला ते आपण माहितीच्या अधिकारात मागू शकतो. बॉम्बवर किती झाला ते विचारलं तर देशद्रोही ठरतो. धाक बाहेरच्यांसाठी म्हणून आणलेला असतो, पण तो घरातल्यांवरही बसतो.

एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा, वादात उपयोगी पडेल. १९९५ मध्ये याच भारत सरकारनं हेगच्या न्यायालयाला लेखी कळवलं होतं, की अण्वस्त्रांचा धाक मानवी भावनेला घृणास्पद वाटणारा आहे, कारण त्यात स्वतःच्या आणि शत्रूच्या जनतेवर होणाऱ्या परिणामांची निर्दय बेपर्वाई गृहीत धरलेली असते. तीनच वर्षांनी पोखरण झालं. ८ जुलै १९९६ ला न्यायालयानं मत दिलं, की अण्वस्त्रांचा वापर आणि वापराची धमकीही सर्वसाधारणपणे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध आहे. देशाचं अस्तित्वच पणाला लागलं असताना काय, याबाबत मात्र निश्चित सांगता येत नाही असंही म्हटलं. ती पळवाट राहिली. पण 'धमकीही' हा शब्द आपल्या कामाचा आहे.

मग बायकांनी काय करायचं? स्त्रिया जन्मतः शांतताप्रिय असतात म्हणून हे काम आपलं, असं मी म्हणणार नाही. १९७४ चा स्फोट एका स्त्री पंतप्रधानांच्या काळात झाला. १९९८ मध्ये पेढे वाटणाऱ्यांत बायकाही होत्या. आपण हे काम करायचं ते धाकाचा अनुभव आहे म्हणून, आणि आधी बायकांनी ते करून दाखवलं आहे म्हणून. १९५४ च्या त्या बिकिनी स्फोटाची राख एका जपानी मच्छीमार बोटीवरही पडली. तेव्हा तोक्योच्या सुगिनामी भागात गृहिणींच्या वाचन मंडळानं सह्यांची मोहीम सुरू केली. घरोघर, बाजारात, मासळीच्या दुकानात. दीड वर्षात देशभर तीन कोटींवर सह्या झाल्या. १ नोव्हेंबर १९६१ ला अमेरिकेत हजारो बायका घरकाम आणि नोकरी सोडून रस्त्यावर आल्या. त्यांच्या मुलांच्या दुधात चाचण्यांचा स्ट्रॉन्शियम उतरत होता. १९६३ मध्ये हवेतल्या चाचण्या बंद करणारा करार झाला, त्यात या बायकांचा वाटा होता. इंग्लंडात ग्रीनहॅम कॉमनच्या तळावर १९८१ पासून बायका तंबू टाकून बसल्या. डिसेंबर १९८२ मध्ये तीस हजार जणींनी हातात हात धरून तळाला वेढा घातला. १९९१ पर्यंत तिथली क्षेपणास्त्रं गेली. त्यामागे दोन महासत्तांचा करार होता, पण तो विषय लोकांसमोर जागता ठेवला तो या बायकांनी. आणि हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांची निहोन हिदानक्यो ही संघटना १९५६ पासून साक्ष देत राहिली, तिला २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालं. त्यांच्याच साक्षींच्या बळावर २०१७ मध्ये १२२ देशांनी अण्वस्त्रबंदीचा करार मंजूर केला. २०२१ पासून तो लागू आहे. भारत आणि पाकिस्तान, दोघंही त्याच्या बाहेर आहेत.

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. आपल्या गटांच्या पुढच्या बैठकीत अर्धा तास या विषयाला द्या. हिरोशिमाची आणि रोंगेलापची हकिगत सांगा. आपल्या खासदाराला पत्र लिहून तीन प्रश्न विचारा. पहिला वार न करण्याचं वचन सरकार कायम ठेवणार का? अण्वस्त्रांवरचा खर्च संसदेपुढे मांडणार का? जादूगोडा आणि पोखरणच्या लोकांची स्वतंत्र आरोग्य तपासणी करणार का? उत्तर येवो न येवो, पत्राची प्रत आपल्या केंद्रावर लावा. सीमेपलीकडेही हे प्रश्न विचारणाऱ्या बायका आहेत. त्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवा.

आणि कुणी म्हटलं की "बाई, तुम्हाला यातलं काय कळतं, बांगड्या भरून घरी बसा," तर सांगा, की बांगड्या आम्ही भरलेल्याच आहेत. त्या हातांनीच कित्येक जळालेल्या बायका आम्ही इस्पितळात पोचवल्या. भाजणं म्हणजे काय ते आम्हाला माहीत आहे. ते दुसऱ्या कुणाच्या लेकीला दाखवायची धमकी आमच्या नावानं देऊ नका.